नावापुढं लिहिण्यासारखं काही नाही

अक्का, तुमच्या दशक्रियेला घाटावर बसायला जागा पुरली नाही. गाड्या पार पुलाच्या पलीकडं लावल्या होत्या. प्रवचन झालं आणि मग श्रद्धांजल्या सुरू झाल्या. एकेक पुढारी उठायचा, चिठ्ठीवर तुमचं नाव बघायचा आणि माईक तोंडाशी धरून म्हणायचा, तालुक्याची कधी न भरून येणारी हानी झाली. तालुक्याची! तुम्ही जुन्नरला गेलात ते दात काढायला, आणि एकदा रेशनकार्डाला. मी बायकांत बसले होते, तोंडाला पदर लावून. लोकांना वाटलं रडतेय. मला हसू येत होतं, मग त्या हसण्याची लाज वाटली, आणि शेवटी खरंच रडू आलं ते आवरेना.

आज बावीस दिवस झाले. तेरावं झालं, पाहुणे पांगले, मांडववाला खुर्च्या घेऊन गेला. घरात कुणी नसलं की मी तुमच्याशी बोलत बसते. परवा शेजारीण दारातून डोकावली. "काकी, फोनवर हाय का कुनी?" मी म्हटलं, "हां, जाऊबाई हायेत." ती बिचारी आल्या पावली परत गेली. आता गावात झालं असेल, सुमनचं डोकं फिरलं म्हणून. होऊ दे. अंगणवाडीची रजिस्टरं लिहिण्यात माझी बत्तीस वर्षं गेली, त्यामुळं हातात पेन आलं की डोकं ठिकाणावर येतं. म्हणून हे लिहून काढतेय. बोलताना मी निम्मं लपवते, ते तुम्हाला चांगलं माहीत आहे.

बबनभावजींचं काय झालं ते तुम्हाला सांगायचंय. पण त्याच्या आधी बरंच मागचं सांगायला लागेल, कारण मी तुमच्याशी दोनदा खोटं वागले आणि एकदाही कबूल केलं नाही.

तुम्ही थोरल्या, मी धाकटी, आणि आपल्या दोघींच्या नवऱ्यांच्या मधला हा भाऊ, जन्मापासून डोक्यानं अधू. तुम्ही सोळाव्या वर्षी निमगावात नांदायला आलात तेव्हा भावजी नऊ वर्षांचे होते. सासूबाईंनी तुमच्या हातात आधी त्यांचं बोट दिलं आणि मग घराच्या किल्ल्या, असं तुम्ही हसून सांगायचात. मी डिंगोऱ्याहून आले तेव्हा भावजी बाविशीचे झाले होते, दाढी आलेली, आणि तुम्ही अंगणात त्यांना साबण लावत होतात. मी लाजून आत पळाले. तुम्ही ओरडलात, "पळतीस कुठं? तांब्या दे!" या घरात मला सांगितलेलं पहिलं काम ते. मी तांब्या दिला आणि लगेच सटकले. नंतरही तेच केलं. अडतीस वर्षं मी तुम्हाला तांब्या तेवढा देत राहिले.

बोलणं त्यांचं तीन शब्दांचं. दे, नको आणि गाडी. रस्त्यानं काहीही गेलं तरी गाडी, ट्रॅक्टर असो नाहीतर वरातीतला घोडा. काम म्हणून एक काडी कधी हलवली नाही. कांदा काढणीला सगळं घर रानात असायचं आणि हे बांधावर बसून शेंगा खायचे. ऊस वाढला की तुम्ही त्यांना घराबाहेर सोडायचा नाहीत, बिबट्याच्या भीतीनं, आणि मग ते दाराला लाथा घालायचे. तुम्ही शिव्या घालायचात. काय एकेक शिव्या, अक्का! घाटावर त्या प्रवचनकारानं तुम्हाला "शांत, सोशिक माउली" म्हटलं ना, तेव्हा आपल्या गल्लीतल्या सगळ्या बायांनी एकमेकींकडं बघितलं.

आता माझं सांगते. लग्नाला सात वर्षं झाली तरी मला मूल नव्हतं, आणि पुढंही झालं नाही. भावकीत एका सुनेचं डोहाळेजेवण होतं. ओटी भरायचं ताट एकीच्या हातून दुसरीकडं चाललं होतं. माझ्यापाशी आलं आणि घरच्या म्हातारीनं ते इतक्या सफाईनं माझ्या मांडीवरून पलीकडं नेलं की जणू तिथं पाटच मोकळा होता. मी खाली मान घालून बांगड्या चाळत बसले. मला सवय झाली होती. तुम्ही मात्र उठलात. "ताट खाली ठिव. हिला वगळायचं असंल तर मलाबी वगळ, आन् मंग कर तुझं डोहाळजेवान."  म्हातारी चरफडली, पण ताट मागं आलं. माझ्या हातानं ओटी भरली गेली, निम्मे तांदूळ खाली सांडले.

घरी येताना मी तुम्हाला म्हटलं, "अक्का, कशाला भांडलात? मी गावची पोरं सांभाळते की अंगणवाडीत. ती माझीच आहेत." मला वाटलं, तुम्ही म्हणाल, शहाणी गं माझी. तुम्ही रस्त्यातच थांबलात. "का गं? पोरं सांभाळली न्हाईस तर तू कमी का? उद्या अंगणवाडी सुटली तर काय उकिरड्यावर टाकायची तुला? कुनाला जाब देतीस सारखी?"

मला राग आला होता तुमचा. खरंच आला होता. मूल नाही तर नाही, पण मी कामाची बाई आहे, एवढ्या एका वासावर माझं सगळं घर उभं होतं, आणि तुम्ही तोच वासा हलवलात. तुम्ही माझ्या बाजूनं बोलत होता हे समजायला मला फार वर्षं लागली. त्या दिवसाबद्दल मी तुम्हाला कधी काही बोलले नाही. साधं "बरं केलंत" एवढंसुद्धा नाही.

आणि एवढं सगळं माझ्या स्वतःच्या वाट्याला येऊनही मी ती पत्रिकेची करणी केली.

संदीपचं लग्न. तुमचा एकुलता एक मुलगा, घरातलं शेवटचं कार्य. आपल्याकडं लग्नपत्रिका म्हणजे काय असते, ते बाहेरच्याला सांगून पटायचं नाही. नवरा-नवरीची नावं शोधावी लागतात, एवढी बाकीची नावं असतात. निमंत्रक, स्वागतोत्सुक, व्यवस्थापक, समस्त भावकी, मित्रमंडळ, आणि प्रत्येकाच्या नावापुढं कंसात काहीतरी. सरपंच, माजी सरपंच, चेअरमन, सोसायटीचा संचालक, पोलीसपाटील, इंजिनिअर, काहीच नसलं तर प्रगतशील शेतकरी. नाव राहिलं तर माणूस लग्नाला येत नाही, आणि खाली गेलं तर येतो पण जेवत नाही. माझं अक्षर चांगलं, म्हणून यादी माझ्याकडं. दोन दिवस बसून मी ती केली. चुलत्यांमध्ये बबनभावजींचं नाव लिहिलं, कंस सुरू केला आणि पेन थांबलं. वर सोसायटीचे चेअरमन, खाली निवृत्त सुभेदार, मध्ये हे. कंसात घालायला काही नव्हतं. प्रगतशील शेतकरी लिहिलं असतं तर गाव खदखदून हसलं असतं. रिकामं सोडलं तर दातांतल्या फटीसारखं दिसत होतं. मी तो कागद फाडला, दुसरा घेतला आणि नाव सोडून यादी पुन्हा उतरवली. एवढंच. कुणी मला सांगितलं नव्हतं. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

पहिली पत्रिका विघ्नहराला ठेवायला आपण ओझरला गेलो. तुम्ही केवढ्या खुशीत होता, नवं लुगडं नेसून. सभामंडपात बसून तुम्ही पत्रिका हातभर लांब धरलीत आणि बोट फिरवत वाचायला लागलात. चौथीपर्यंतचं शिक्षण तुमचं, एकेक नाव फोडून वाचलंत. संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरू केलंत. 

"सुमे, बबन कुठंय?"

"राहिलं, अक्का. नजरचुकीनं राहिलं."

"नजरचूक? गुरांच्या डाक्टराचं नाव हाय की."

 तुम्ही पत्रिकेची घडी केलीत, परत पिशवीत घातलीत आणि देवाला नुसता नमस्कार करून उठलात. "देवापुढं खोटं ठिवायचं न्हाई," एवढंच म्हणालात. येताना गाडीत तुम्ही खिडकीकडं आणि मी माझ्या चपलांकडं बघत बसले.

तर नजरचूक नव्हती ती. हे पहिलं खोटं. तुम्हाला तेव्हाच कळलं होतं, मला माहीत आहे. पण मी माझ्या तोंडानं सांगितलं नव्हतं, ते आज सांगितलं.

मग तुम्ही पडवीत पत्रिकांचे गठ्ठे घेऊन बसलात, बॉलपेन घेऊन. प्रत्येक पत्रिकेवर चुलत्यांच्या नावांच्या बाजूला मोकळ्या जागेत स्वतःच्या हातानं लिहीत गेलात, बबन. नुसतं बबन. श्री नाही, कंस नाही. थोरले म्हणाले, "अगं, लोकं हसत्याल. शोभा व्हईल घराची." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "व्हऊ द्या." तीन दिवस चाललं ते. तुमचं अक्षर कुठं वर चढलेलं, कुठं खाली घसरलेलं, एकेका अक्षराला किती वेळ लागायचा. आणि मी, जिचा हात सरसर चालतो, मी आत भांडी घासत बसले. आधीच घासलेली भांडी. मला कामात असल्याचं दाखवायचं होतं. हे दुसरं.

तिसऱ्या दिवशी मी चहा घेऊन आले आणि मधला मार्ग म्हणून सुचवलं. "अक्का, पुढं निदान देवमाणूस तरी लिहा. म्हणजे लोक समजून घेतील."

"देव नको करू त्याला," तुम्ही म्हणालात. "देव कसला त्यो? चिमटं काढतो, गूळ चोरतो, सासूच्या अंगावर थुकला व्हता तिच्या शेवटच्या दुखण्यात. मानूस हाय. बास की तेवढं."

"पण काहीतरी चांगलं असेलच ना त्यांच्यात?"

"असंल न्हाईतर नसंल. मी न्हाई बघाय गेले. चांगला हाय म्हनून जेवाय घालायचं ठरवलं तर निम्मं गाव उपाशी राहील. तू धरून."

आणि हसलात. मी हसले नाही. मी म्हटलं, मग चांगल्यात आणि वाईटात फरक काय राहिला? सगळे सारखेच का? तुम्ही म्हणालात, "फरक हाय ना. वाईटाला वाईट म्हन, दोन शिव्या घाल. पन पंगतीतनं उठवू नको." मला ते पटलं नव्हतं. त्यानंतर दहा वर्षं आपण हा वाद कधी भाजी निवडताना, कधी एसटीची वाट बघताना पुन्हा पुन्हा घातला. मी म्हणायचे, माणसाचं मोल त्याच्या करणीवर असतं. तुम्ही म्हणायचात, करणीचं मोल करणीला, माणसाला कशाला लावतीस? मी म्हणायचे, तुम्ही शिकलेल्या नाही म्हणून असं बोलता. तुम्ही म्हणायचात, बरं बाई, तू शिकलेली. अजून मला सगळं पटलेलं नाही, अक्का. पण आता वाद घालायचा कुणाशी? आमचे हे तर टीव्हीसमोर बसून सगळ्यालाच हो म्हणतात.

तुमच्यावर राग पण आहे माझा, तोही सांगून टाकते. तुम्ही सगळं स्वतःच्या अंगावर घेतलंत. लेकीच्या बाळंतपणाला गेलात आणि चौथ्या दिवशी परत आलात, बबनला कोण बघील म्हणून. आम्हाला कधी जवळ येऊ दिलं नाही असं नाही, पण आम्ही आलो नाही तरी कधी ओढून आणलं नाही. तुम्ही होता तोवर आम्ही सगळे चांगली माणसं होतो. फुकटात. "आमच्या घरी असा एक दीर आहे, आम्ही सांभाळतो हो," असं मी मीटिंगला आलेल्या बायांना सांगायचे. आम्ही! लाज नाही वाटली मला.

तुम्ही गेल्यावर दशक्रियेच्या फ्लेक्सची डिझाइन संदीपनं मोबाईलवर पाठवली. "काकी, शोकाकुलमधली नावं बघ जरा." थोरले तर तुमच्या आधीच गेलेले, म्हणून मी बबनभावजींचं नाव सगळ्यात वर घालायला लावलं, माझ्या नवऱ्याच्याही वर. कुणी हूं का चूं केलं नाही. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! वाटलं, फिटलं. घाटावर एका पुढाऱ्यानं तर भाषणात सांगितलं, "दीर बबनराव यांच्यावर दुःखाचा डोंगर कोसळला आहे." आणि तेव्हा बबनराव होते कुठं? घरात. बाहेरून कडी. गर्दीत दंगा करतील, पिंडाचा भात उचलून खातील, म्हणून आम्हीच ठेवलं होतं. कडी लावली मी. तुमच्या मातीलाही असंच केलं होतं. नाव टाकायला काय लागतं, अक्का? तुम्ही तीन दिवस लिहीत बसला होता म्हणून मला वाटलं, सगळा खेळ नावाचा आहे. नाव लिहून झाल्यावर तुम्ही रोज उठून काय करत होता, ते माझ्या डोळ्यांसमोर असून दिसलं नाही.

तेराव्याला जेवणं उरकली आणि पडवीत बैठक बसली. संदीपनं मान खाली घालून विषय काढला. "काकी, माझं चाकणला दोन खोल्यांचं घर. दोघं बी डूटीवर. आईनं केलं, आमच्यानं व्हणार न्हाई. एक आश्रम हाय, मी बघून आलोय. लोकं लई चांगली हायेत." तो खोटं बोलत नव्हता. त्याला वाईट ठरवू नका, पोरगा रडून रडून सुजला होता. आमच्या ह्यांचे गुडघे गेलेत, माझी कंबर धरते, नोकरीची तीन वर्षं बाकी आहेत. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "बरोबर आहे." लगेच म्हटलं, एका दमात. मनात हायसं वाटलं होतं. रविवारी मी त्यांची पिशवी भरली. तीन पायजमे, दोन स्वेटर, टॉवेल. तेवढ्यानं भरली पिशवी.

आश्रम खरंच चांगला होता. फरशी धुतलेली, अंगणात लिंबाची झाडं, माणसं खाटांवर बसलेली, कुणी आपल्याशीच हसत होतं. ऑफिसात चष्मा लावलेले एक गृहस्थ होते, त्यांनी आधी चहा मागवला आणि मग फॉर्म काढला. स्वतः जेवतात का? जेवतात, सांडतात. कपडे घालतात का? नाही. बोलतात का? तीन शब्द. संडास-लघवी कळते का? कधी कळते, कधी नाही. प्रत्येक उत्तराला मला वाटायला लागलं, आता हे नको म्हणतील. आणि मी सुरू झाले. "पण शांत आहेत हो. जनावरांची फार माया आहे. मन फार निर्मळ आहे. काही त्रास नाही." पोरगी दाखवायला बसवल्यावर मावशी बोलते ना, तसं. आणि तिकडं भावजी संदीपच्या दंडाला करकचून चिमटा काढत होते.

त्या गृहस्थांनी ते बघितलं. मी पदर सारखा केला. मग म्हटलं, "नाही साहेब. चिमटे काढतात. भाकरी गादीखाली लपवून ठेवतात, तिला बुरा येतो. जनावरांची माया-बिया काही नाही, बैलाला दगड मारतात. आयुष्यात काही काम केलेलं नाही."

ते शांतपणे लिहीत राहिले. "चालतं, बाई. आमच्याकडं सगळेच चिमटं काढत्यात. जागा हाय."

म्हणजे नाही म्हणायला काही कारणच उरलं नाही. बघा, ते तुमच्याच पंथातले निघाले. मला वाटलं, सुटलो आता, कुणीही वाईट न होता सुटलो. मग त्यांनी शेवटचं पान उलटलं. मृत्यू झाल्यास अंत्यविधी कोण करणार, नातेवाईक की संस्था. पुढं दोन चौकोन.

संदीपनं जरा विचार केला. "संस्थाच बघंल का? म्हंजी, ऐन टायमाला सुट्टी भेटंल न भेटंल." अगदी सरळ मनानं म्हणाला तो. गृहस्थांनी मान हलवली आणि पेन चौकोनावर नेलं.

अक्का, मला एकदम घाटावरच्या त्या गाड्या आठवल्या. तालुक्याची हानी आठवली. या माणसाच्या मागं साधं कावळ्याकडं बघत उभं राहायला एक माणूस असणार नाही, कारण सुट्टी नाही. आणि खरं सांगू? त्याच क्षणी मी माझंही बघितलं. माझ्या फॉर्मवर कोणता चौकोन भरतील? मला कोण आहे? तेव्हा मी जे केलं ते तुमच्या शिकवणीनं केलं की माझ्या भीतीनं, मला ठाऊक नाही. तुम्ही मला मोठेपणा देऊ नका.

"थांबा," मी म्हटलं. "माझं नाव लिहा. मी येईन न्यायला."

"बरं. नाव, पत्ता, मोबाईल सांगा."

मी नाव सांगितलं. गाव सांगितलं. मोबाईलचे आकडे सांगता सांगता माझाच आवाज मला ऐकू यायला लागला. मेल्यावर न्यायला येणार, आणि जित्ता माणूस ठेवून चाललीस? असं कसं गं सुमन? मी अर्ध्या नंबरावर थांबले. उठले, पिशवी उचलली. "साहेब, माफ करा. मेल्यावर न्यायचंच आहे तर आत्ताच नेते."

ते हसले नाहीत की रागावले नाहीत. "जमंल तेवढं बघा," म्हणाले. "न्हाई जमलं तर या. त्यात कमीपना न्हाई." चहाचे कप उचलायला लागले.

गाडीत संदीपनं आरसा दोनदा हलवला. मग म्हणाला, "काकी, तू हे मला लाजवाय केलं का?" मी म्हटलं, "नाही रे बाबा. मला तरी कुठं कळतंय कशाला केलं." पुढं एका टपरीशी त्यानं गाडी थांबवली, काकाला क्रीमरोल घेऊन दिला आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडला. भावजी क्रीमरोल खात समोर बघत होते. गाडी, गाडी, गाडी. एकदा तर मी म्हटलं, गप बसा हो जरा.

घरी पोचल्यावर ह्यांनी मला बघितलं, पिशवी बघितली आणि विचारलं, "आता?" मी म्हटलं, "आता तुम्ही निदान मी अंगणवाडीत असेन तोवर त्यांच्याजवळ बसायचं." टीव्ही आता बबनभावजींच्या खोलीत लावला आहे.

नऊ दिवस झाले या गोष्टीला. तुम्हाला वाटेल, सुमीचं मन भरून आलं असेल, तिला आतून काहीतरी उमजलं असेल. काही नाही. मी दमले आहे. चादरी वाळत नाहीत, पाठ सरळ होत नाही, आणि केस विंचरायला गेलं की ते मान अशी फिरवतात की फणी तुटते. रोज उठल्या उठल्या ते तुमच्या खोलीपाशी जातात, पडदा बाजूला करतात, आत बघतात आणि निघून येतात. तुमची आठवण काढतात असं लिहायला मला आवडलं असतं. खरंच काढतात की नुसती सवय आहे, देव जाणे. लोक म्हणतात, धन्य आहे तुझी. एक जण म्हणाली, तुला पोरबाळ नाही ना, बरं झालं, तुला विरंगुळा झाला. तुम्ही असता तर तिची शाळा घेतली असती. मी नुसतं दार लावून घेतलं.

आणि काल मी त्यांना मारलं.

मी दुपारची अंगणवाडीतून आले होते, आहार वाटून, रजिस्टर भरून. बिनचपलेची पोरं, सुपरवायझरचा फोन, डोकं ठणकत होतं. त्यांना जेवायला वाढायला वाकले आणि त्यांनी माझ्या दंडाला चिमटा काढला, आधीच्या काळ्यानिळ्या डागावरच. मी काही विचार केला नाही. एक थोबाडीत ठेवून दिली. साठीच्या माणसाच्या. आवाज एवढा मोठा झाला की हे पलीकडून उठून आले. भावजी रडले नाहीत. गालाला हात लावला, माझ्याकडं बघितलं, आणि मी त्यांच्याकडं बघत राहिले. तिथं काही दिसतंय का म्हणून अगदी निरखून बघितलं, अक्का. निर्मळ मन, देव, लेकरू, काहीतरी. काही दिसलं नाही. एक म्हातारा माणूस होता, दाढी वाढलेला, शर्टावर आमटी सांडलेला. आणि मला तेव्हा त्यांची जराही माया वाटत नव्हती, हे तुमच्यापासून कशाला लपवू.

मग त्यांनी हात पुढं केला. "दे," म्हणाले.

मी भाकरी दिली. मनापासून नाही दिली. पण मोडून अर्धी नाही, अख्खी दिली.